मालगाडीत सोडलेला कर्ण

मणिरत्नम यांच्या 'थलपती' (१९९१) या तमिळ चित्रपटाची सुरुवात कृष्णधवल आहे. दिवस भोगीचा. कोवळ्या वयाची, लग्न न झालेली एक मुलगी बाळंत होते आणि तान्हं बाळ मालगाडीच्या डब्यात ठेवते. गाडी सुटते. महाभारताच्या वनपर्वात कुंतीने पेटी सोडली ती अश्वनदीत, आणि चर्मण्वती, यमुना, गंगा असं करत ती चंपानगरीला लागली. इथे नदीच्या जागी रूळ आले, एवढाच फरक. पोराचं नाव सूर्या, आणि छायालेखक संतोष सिवन संधी मिळेल तिथे रजनीकांतच्या मागे सूर्य आणून ठेवतात.

आजच्या कपड्यातली पुराणकथा ही मणिरत्नम यांची युक्ती नव्हे. आपल्याकडे ती फार जुनी आहे, फक्त पूर्वी उलट्या बाजूने चालायची: कपडे पुराणातले, माणसं आजची. कृ. प्र. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आलं. त्यात कर्झनचं नाव कुठेही नाही. पण कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज मवाळ आणि भीम जहाल, हे प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. १९१३ मध्ये फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' आणला, आणि पुढे आठच वर्षांनी मुंबईच्या कोहिनूर कंपनीने 'भक्त विदुर' (१९२१) मध्ये विदुराला थेट गांधींच्या वळणाचा पोशाख चढवला. मद्रास आणि सिंधमध्ये तो बंद पाडला गेला. परक्या सरकारच्या नजरेखालून बोलायचं तर देवादिकांचा आडोसा सोयीचा होता, आणि तोही दर वेळी पुरत नव्हता.

मग जाहिरातींत 'पौराणिक' आणि 'सामाजिक' असे दोन कप्पे पडले. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) दुसऱ्या कप्प्यातला. स्वातंत्र्यानंतर पौराणिक पट हळूहळू दुय्यम दर्जाचे ठरत गेले, पण त्यांची हाडं सामाजिक पटांत शिरली. 'मदर इंडिया'तली (१९५७) शेतकरीण राधा आणि तिचा नवरा शामू, ही नावं काही सहज पडलेली नाहीत.

उघडपणे अख्खं महाभारत मुंबईच्या उद्योगजगतात आणलं ते श्याम बेनेगल यांनी, 'कलयुग'मध्ये (१९८१). पटकथा बेनेगल आणि गिरीश कर्नाड यांची, संवाद सत्यदेव दुबे यांचे, निर्माते शशी कपूर, आणि करणच्या भूमिकेत तेच. दोन चुलत घराणी कंत्राटांसाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. वस्त्रहरणाच्या जागी आयकराची धाड पडते आणि परके पुरुष घरच्या सुनेचे कपडे उपसतात. करण मरतो तो गाडीचं चाक बदलताना. हे सगळं चतुर आहे, पण पहिला अर्धा तास प्रेक्षक हा कोण, तो कोण याची वंशावळच जुळवत बसतो. 'थलपती' त्या फंदात पडत नाही. दूरदर्शनवरचं 'महाभारत' १९९० साली संपलं होतं, त्यामुळे कथा सगळ्यांना ताजी होती. मणिरत्नम यांनी मैत्री, आई आणि अनौरसपणा एवढंच उचललं. चाकही नाही आणि मृत्यूही नाही: मरतो तो दुर्योधनाच्या जागचा देवराज. दिवाळीच्या दिवसांत रजनीकांतला मारून प्रेक्षकांना घरी पाठवायची छाती कुणाची?

पण हा कर्ण नेमका कुठला? मराठी वाचकाचा कर्ण बराचसा 'मृत्युंजय' (१९६७) आणि 'राधेय'मधला. त्याला द्रौपदीने भर स्वयंवरात 'मी सूताला वरणार नाही' असं सुनावलेलं पक्कं आठवतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत तो नकार मूळ संहितेत धरलेला नाही. कीर्तनकारांनी, नाटकांनी, मालिकेने मात्र तो जिवंत ठेवला, आणि सिनेमा व्यासांकडे नव्हे, त्यांच्याकडेच जातो. 'थलपती'त तो अपमान आहेच, फक्त मुलीकडून काढून बापाकडे दिला आहे. सुब्बुलक्ष्मीचा सूर्यावर जीव आहे, पण तिचा ब्राह्मण बाप आगापिछा नसलेल्या पोराला मुलगी देत नाही. ती दिली जाते जिल्हाधिकारी अर्जुनला. त्याचं नाव मात्र मणिरत्नम यांनी बदललेलं नाही.

प्रकाश झा यांच्या 'राजनीती'त (२०१०) नदी आणि होडी परत आली, आणि 'सूत' या शब्दामागची जातही. सूरजला वाढवणारा बाप त्या राजकारणी घराण्याचा ड्रायव्हर आहे, म्हणजे सारथीच, आणि सूरज पुढे येतो तो दलित वस्तीचा पुढारी म्हणून.