महाडीबीटीचा अर्ज: फॉर्म सुटण्याआधी काय करायचं आणि भरल्यानंतर काय बघायचं

कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसून मी अर्ज तपासतो. बारावीचा निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, "महाडीबीटीचे (म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन पोर्टलचे) फॉर्म कधी सुटणार?" फॉर्म सुटायची वाट बघत बसलेलेच पुढे अडकतात. पोर्टलवर अर्ज भरायला तासभर पुरतो. त्याला जोडायचे दाखले मात्र तहसील, प्रांत आणि जात पडताळणी समिती अशा तीन दारांतून येतात आणि प्रत्येक दाराची चाल वेगळी असते. तेव्हा आधी योजना ठरवा आणि लगेच दाखल्यांच्या मागे लागा. फॉर्म सुटतील तेव्हा सुटतील.

आपली योजना कोणती?

महाडीबीटी ही एक योजना नव्हे. समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च शिक्षण, तंत्रशिक्षण अशा अनेक विभागांच्या योजना या एकाच पोर्टलवर आहेत. यादी उघडली की डोळे फिरतात. पण तुमचा प्रवर्ग, अभ्यासक्रम आणि उत्पन्न या तीन गोष्टी धरल्या की यादी दोन-तीन योजनांवर येते.

खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांतला निम्मा भार सरकार उचलतं. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली असेल तर हा लाभ मिळत नाही. प्रवेश घेतानाच हे माहीत हवं, नंतर कळून काही उपयोग नसतो. कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो आणि तसं हमीपत्र पालकांना द्यावं लागतं.

मुलींच्या बाबतीत ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा फरक पडला. आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ५० ऐवजी १०० टक्के लाभ मिळू लागला. "मुलींना शिक्षण मोफत" असं जे सगळीकडे ऐकू येतं ते हेच. पण मोफत आहे ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस हे सगळं त्याच्या बाहेर. फीच्या पावतीवर शिक्षण शुल्काचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तो बघा. एकूण बेरीज बघून "सरकारने तर सगळी फी माफ केली होती" म्हणत खिडकीवर भांडायला येणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. राग समजतो, पण पावती वाचली असती तर फेरा वाचला असता.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिपचा पर्याय असतो, त्यात फी मिळते, भत्ता मिळत नाही. अनुसूचित जमातीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आदिवासी विकास विभागाकडून येते. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाच्या योजना वेगळ्या आहेत आणि तिथे नॉन क्रिमीलेअरचा, म्हणजे कुटुंब मागास प्रवर्गातल्या सधन गटात मोडत नसल्याचा, कागद कळीचा ठरतो.

राहण्याच्या खर्चासाठीही योजना आहेत. शाहू महाराज शिष्यवृत्ती घेणाऱ्या, बाहेरगावी राहणाऱ्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता नक्की बघावा, तो फीच्या लाभासोबत मिळतो. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे.

दाखले: खरी लढाई इथे

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीचा लागतो. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढा. नोकरदार असाल तर फॉर्म १६, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ जोडावे लागतात, शिवाय तलाठ्याचा अहवाल. योजनेच्या पानावर कोणत्या आर्थिक वर्षाचा दाखला मागितला आहे ते वाचून मगच अर्ज करा, कारण जुन्या वर्षाचा दाखला जोडलेले अर्ज हमखास परत येतात. ऑनलाइन निघालेल्या दाखल्यावर बारकोड क्रमांक असतो. तो पोर्टलवर टाकला की माहिती आपोआप उचलली जाते आणि पुढची तपासणी सोपी होते. म्हणून फोटो काढताना किंवा स्कॅन करताना बारकोडची कड कापली जाणार नाही, एवढं सांभाळा.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून आणि जात वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात पडताळणी समितीकडून मिळतं. वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मूल अकरावीत गेलं की तिथला अर्ज टाकून मोकळं व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वडिलांची किंवा सख्ख्या भावंडांची वैधता आधीच झालेली असेल तर ती प्रत जोडा, काम बरंच हलकं होतं. आणखी एक: या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी लागणारा ५०० रुपयांचा मुद्रांक सरकारने २०२५ मध्ये माफ केला. तरीही कोणी स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर कशासाठी ते विचारा.

बाकी कागद घरातच असतात: दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, रेशन कार्ड, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती. शिक्षणात खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. प्रत्येक फाइल २५६ केबीच्या आत बसवावी लागते. मोबाइलवर काढलेला फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि तो दाबून लहान करताना अक्षरं पुसट होतात. एकदा स्वतः झूम करून वाचून बघा. तुम्हाला वाचता आलं नाही तर मलाही येणार नाही.

नाव आणि बँक खातं

गेल्या वर्षी एक मुलगी तीनदा चकरा मारून गेली. अर्ज मंजूर, पैसे "जमा" दाखवत होते आणि पासबुकात काहीच नव्हतं. तिने अर्जासाठी दिलेलं पासबुक गावातल्या बँकेचं होतं. मधल्या काळात मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा देऊन एक पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं गेलं होतं, आणि आधार त्या खात्याला जोडलं गेलं होतं. पैसे तिथे जाऊन पडले होते. तिला त्या खात्याचा नंबरही माहीत नव्हता.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे आधार सीडिंग, म्हणजे खात्याशी आधारची जोडणी, झाली असं नाही. सरकारी पैसा आधार क्रमांकावरून जातो, आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत ज्या एकाच खात्याशी आधार जोडलेलं असेल तिथे पडतो. तुम्ही पासबुक कुठलंही दाखवा. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# डायल करून किंवा आधारच्या (यूआयडीएआयच्या) संकेतस्थळावर बँक सीडिंग तपासता येतं. खातं चालू आहे ना, बरेच दिवस व्यवहार नसल्याने बंद तर पडलं नाही ना, हेही बँकेत जाऊन विचारा.

नावाचंही असंच. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, इथपर्यंत ठीक. पण आधारवर वडिलांचं नावच नसणं, लग्नानंतर आईचं नाव बदललेलं असणं, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असणं, यावर अर्ज थांबतो. दुरुस्ती करायची असेल तर गुणपत्रक प्रमाण धरून आधार बदला. उलट करायला गेलात तर बोर्डाच्या फेऱ्या वाढतील.

अर्ज भरताना आणि भरल्यावर

नोंदणी आधारच्या ओटीपीवर होते. आधारला आजोबांचा नंबर जोडलेला असेल आणि आजोबा गावी असतील, तर ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते. हे गमतीने सांगत नाही, खरंच होतं. विद्यार्थ्याचाच नंबर जोडून घ्या. युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. कॅफेवाल्याकडे ठेवू नका, आणि विसरलात म्हणून दुसरी प्रोफाइल उघडू नका. दोन प्रोफाइल निस्तरण्यात अख्खं सत्र जातं.

प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, आधीचं शिक्षण आणि वसतिगृहाचा तपशील भरायचा असतो. त्यावरूनच पोर्टल तुम्हाला पात्र योजना दाखवतं. एखादी योजना दिसतच नसेल तर प्रवर्ग, उत्पन्न किंवा प्रवेशाचा प्रकार यांत काहीतरी चुकीचं निवडलं गेलेलं असतं. नव्याण्णव टक्के वेळा कॅपच्या जागी दुसरा पर्याय टिचकलेला असतो.

अर्ज सबमिट झाला की पालक निर्धास्त होतात. आमचं काम तिथून सुरू होतं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून संबंधित विभागाकडे जातो. त्रुटी निघाली तर अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो, आमच्या भाषेत "सेंट बॅक" होतो. मेसेज येईलच या भरवशावर राहू नका. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघा. परत आलेला अर्ज दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवला नाही तर त्या वर्षाचा लाभ गेला. अर्जाची प्रिंट आणि कागदांचा संच कॉलेजमध्ये जमा केल्याची पोच घ्यायला लाजू नका.

पैसे साधारणपणे दोन हप्त्यांत येतात. पोर्टलवर व्हाउचर रिडीम करायला सांगितलं असेल तर तेवढी एक पायरी विद्यार्थ्यानेच करायची असते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीही असते, ती वेळेत कॉलेजला भरावी लागते. घरात अडचण असते, ती रक्कम दुसरीकडे जाते, आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरताना जुनी थकबाकी समोर येते.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, तो आपोआप होत नाही. मागच्या वर्षाचा निकाल आणि नवी फी पावती लागते, हजेरीही योजनेच्या नियमाइतकी असावी लागते. सध्याचा अभ्यासक्रम या रकान्यात वर्ष बदलायला विसरू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलाचा अर्ज पहिल्या वर्षाच्या नावाने माझ्या लॉगिनला आला की मला तो परत पाठवण्यावाचून इलाज नसतो.