जबडा वाजणे

तोंड उघडताना, मिटताना किंवा घास चावताना कानापुढच्या सांध्यातून ‘कट्’ असा आवाज येणे, याला जबडा वाजणे म्हणतात. खालच्या जबड्याचे हाड कवटीच्या शंखक अस्थीला जिथे जोडले जाते, त्या सांध्यातला हा आवाज. दवाखान्यांत या सांध्याचे ‘टीएमजे’ हे लघुरूपच रुळले आहे. दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण आवाज घालवण्याच्या हट्टापायी चांगले दात यंत्राने घासून कमी करून घेतल्याचे प्रकार घडत आले आहेत.

कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्यापुढे दोन्ही बाजूंना बोटे टेकवून सावकाश ‘आ’ करून पाहावे. हाड आधी बिजागरीसारखे जागच्या जागी फिरते, मग खणासारखे पुढे सरकते आणि बोटाखाली खळगा पडतो. फिरणे आणि सरकणे अशा दोन्ही हालचाली एकाच सांध्यात होतात. शिवाय खालचा जबडा एकसंध असल्यामुळे उजव्या-डाव्या सांध्यांना एकमेकांशी जुळवूनच चालावे लागते. हाड हाडावर घासू नये म्हणून मध्ये चिवट तंतूंची चकती असते. ती मध्यभागी पातळ आणि कडांना जाड असते.

आवाजाचे नेहमीचे कारण ही चकतीच. ती जागेवरून थोडी पुढे सरकलेली असते. तोंड उघडताना हाडाचे गोल टोक तिच्या मागच्या जाड कडेवरून उडी घेऊन पातळ भागावर बसते, तेव्हा ‘कट्’ होते. मिटताना ते पुन्हा घसरते आणि दुसरा, बहुधा हलका आवाज येतो. चकती सरकण्यामागे जबड्याला लागलेला मार, झोपेत दात खाण्याची सवय, मुळातच सैल सांधे अशी कारणे असू शकतात. पुष्कळदा नेमके कारण सापडत नाही. वाळूवर पाय घासल्यासारखी करकर वेगळी. ती सांध्याच्या झिजेकडे बोट दाखवते.

वर्षानुवर्षे वाजणारा जबडा एके दिवशी गप्प होतो आणि त्याच दिवसापासून तोंड नीट उघडेनासे होते, असेही घडते. अशा वेळी चकती पुढेच अडकून राहिलेली असते आणि हाडाला तिच्यावर चढता येत नाही. एरवी मोठ्या माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी मावतात. जबडा अडकल्यावर दोनही मावणे कठीण होते आणि हनुवटी दुखऱ्या बाजूला झुकते. अशा वेळी दंतवैद्याकडे किंवा मुखशल्यचिकित्सकाकडे लवकर जावे. ओपीजी या क्ष-किरण चित्रात हाड दिसते, चकती दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी १९३४ मध्ये कानदुखी, कानाला दडे बसणे आणि जबड्याच्या तक्रारी यांची सांगड पडलेल्या दातांशी घातली. दातांची ठेवण बिघडली की सांधा बिघडतो, हा विचार त्यानंतर कित्येक दशके टिकला. आज तो तसाच्या तसा मान्य नाही. दात यंत्राने घासून कमी करणे किंवा आवाजासाठी दातांना तारा लावणे यांसारखे मागे न फिरवता येणारे उपाय म्हणूनच टाळले जातात.

दुखत असेल तर साध्या उपायांनी बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. ऊस दातांनी सोलू नये. चिक्की, सुके खोबरे, च्युइंगम काही दिवस बंद ठेवावे. मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी खावी. कानशिलाला आणि गालाला १५-२० मिनिटे ओला शेक द्यावा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी. या सगळ्यांहून मोलाची गोष्ट म्हणजे दिवसभर दातांवर दात न ठेवणे. ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे ती राहू द्यावी, ओठ मिटलेले, दात सुटे. संगणकासमोर किंवा गाडी चालवताना आपण दात आवळून बसलो आहोत, हे पुष्कळांना सांगेपर्यंत कळतच नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आणि रात्री दातांवर बसवायची पट्टी यांचाही काहींना उपयोग होतो. जबडा अडकून राहिलाच, तर दोन सुयांनी सांधा धुण्याची छोटी प्रक्रिया करतात. उघडी शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

महाराष्ट्रात एक गल्लत मुद्दाम टाळायला हवी. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्याचे तोंड कमी उघडू लागले, तर दोष बहुधा सांध्याचा नसतो. गालाच्या आतले अस्तर तंतुमय होऊन ताठर बनलेले असते. तिखट खाताना आग होते, गाल आतून पांढुरका आणि कडक लागतो, ‘कट्’ मात्र ऐकू येत नाही. या विकारातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून शेक घेत घरी बसू नये.

जांभईनंतर तोंड मिटतच नसेल, तर जबडा निखळला आहे असे समजावे. अशा जबड्याला शेक देऊन, हाड जागेवर बसवून पट्टा बांधण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेतही आहे. आजही डॉक्टर खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा खाली दाबत मागे सरकवतात. घरच्यांनी हे करू पाहू नये. जबडा बसताना दात झटक्यात मिटतात आणि अंगठे चिरडू शकतात.