माशाची ऊ की नांगरकिडा?

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडून महिना झाला की भंडारा-गोंदियाच्या एखाद्या मालगुजारी तलावात मासे बांबूला अंग घासताना दिसतात. धरून पाहावं तर अंगावर लाल ठिपके. ‘किडे पडले’ म्हणून सगळीकडे एकच औषध आणलं जातं. पण हे किडे दोन, आणि दोघांच्या येण्याच्या वाटाही वेगळ्या.

ऊ, म्हणजे अर्ग्युलस, चपटी, गोल, 5 ते 10 मिमीची. बोट लावलं की सरकते, मासा सोडून दुसऱ्यावर पोहत जाते. नांगरकिडा, म्हणजे लर्निया, खवल्याखालून लोंबणारा एक-दीड सेंमीचा दोरा. हलत नाही, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. डोकं मांसात रुतलेलं असतं. ओढून काढलं तर तुटून आतच राहतं आणि जखम चिघळते.

लर्निया सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गोल्डफिश या माशांबरोबर जगभर पसरला. सायप्रिनसची बँकॉकची जात भारतात 1957 मध्ये आली, गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) 1959 मध्ये. गवत्याने तर आतड्यातला आशियाई पट्टकृमीही देशोदेशी नेला, आणि तो बाहेरून दिसतही नाही. रोहूला छळणारी ऊ मात्र बहुधा इथलीच. ती दिसली तर परक्या माशाला दोष देण्याआधी दुसऱ्या तलावातून आलेलं ओलं जाळं तपासा.

ऊ आपली अंडी दगडावर, खुंटावर ओळीने चिकटवते. ती फुटायला आठवड्याहून जास्त लागतो. म्हणून पाण्यात बांबू रोवून दर आठवड्याला काढायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. नांगरकिड्यावर याचा उपयोग नाही. त्याची पिल्लं थेट पाण्यात सुटतात आणि बीजाच्या, म्हणजे विकत आणलेल्या बोटुकलीच्या, पिशवीतल्या पाण्यातून येतात. पिशवी 15-20 मिनिटं तलावात तरंगू द्या, पण ओतू नका. बोटुकली हातजाळीने उचला. पाणी पाळीच्या बाहेर, तलावात परत वाहून येणार नाही अशा जागी टाका.

नवीन बीज त्याच तलावातल्या हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवणं म्हणजे वेगळं ठेवणं नव्हे, कारण पिल्लं जाळीतून सहज जातात. वेगळी टाकीच हवी, तीही तीन आठवडे. 25 ते 30 अंश तापमानात लर्नियाचं चक्र साधारण तेवढ्यात पुरं होतं आणि लपलेला किडा दोऱ्यासारखा दिसू लागतो. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून रुतलेली मादी मरत नाही.

वरच्या तलावाचा सांडवा खालच्यात उतरत असेल, तर तपासणी वरून सुरू करा.