ऑस्प्रे: 1980 पासून चालत आलेला वाद

अमेरिकेला व्ही-22 ऑस्प्रे या लष्करी वाहतूक यंत्राची गरज वाटली ती इराणच्या वाळवंटात. एप्रिल 1980 मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांना सोडवायला निघालेली मोहीम अर्ध्यावर सोडावी लागली. माघारी फिरताना एक हेलिकॉप्टर वाहतूक विमानावर आदळलं आणि आठ सैनिक गेले. हेलिकॉप्टरचा पल्ला तोकडा पडत होता आणि विमानाला धावपट्टी लागत होती. उभं उडेल, उभं उतरेल आणि मधलं अंतर विमानाच्या वेगाने कापेल अशा यंत्राचं काम 1981 मध्ये सुरू झालं. बेल कंपनीचं प्रायोगिक टिल्टरोटर (रोटर वळवून हेलिकॉप्टरसारखं आणि विमानासारखंही उडणारं यंत्र) एक्सव्ही-15 तोवर उडतही होतं.

ऑस्प्रेचं पहिलं उड्डाण मार्च 1989 मधलं. संरक्षणमंत्री डिक चेनी यांना खर्चापायी हा कार्यक्रम बंद करायचा होता, पण काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, दर वर्षी पैसे देत राहिली. 1992 मध्ये व्हर्जिनियातल्या क्वांटिकोजवळच्या अपघातात सात जण दगावले, तरी काम थांबलं नाही.

वादाला खरी धार आली ती 8 एप्रिल 2000 च्या रात्री, ॲरिझोनातल्या मराना इथे. सरावात उतरताना एक ऑस्प्रे उलटलं आणि आतले सर्व 19 मरीन (अमेरिकेच्या मरीन कोअर या दलाचे सैनिक) मारले गेले. पुढचा वेग कमी ठेवून फार झपाट्याने खाली आलं, की रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत सापडतो आणि त्याची उचल जाते. हा धोका प्रत्येक हेलिकॉप्टरला आहे. पण ऑस्प्रेचे रोटर दोन टोकांना असल्यामुळे एकाची उचल गेली आणि दुसऱ्याची टिकली, तर यंत्र थेट कुशीवर पलटी होतं. वेग कमी असताना मिनिटाला 800 फुटांपेक्षा जास्त वेगाने उतरू नये अशी मर्यादा होती. ती ओलांडली गेली, म्हणून ठपका वैमानिकांवर आला. मात्र मर्यादा मोडल्यावर नेमकं काय होतं, याच्या चाचण्या तोवर पुरेशा झालेल्याच नव्हत्या. अशा वेळी मेलेल्या वैमानिकांना दोषी धरणं मला अन्याय्य वाटतं. खासदार वॉल्टर जोन्स यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे 2016 मध्ये पेंटागॉनने, म्हणजे संरक्षण खात्याने, तो ठपका मागे घेतला.

मरानाच्याच वर्षी, डिसेंबर 2000 मध्ये, हायड्रॉलिक गळती आणि सॉफ्टवेअरमधला दोष यांमुळे आणखी चार जण गेले. पाठोपाठ देखभालीच्या नोंदींत खाडाखोड झाल्याचं उघड झालं.

2007 मध्ये ऑस्प्रे इराकमध्ये गेलं. 2011 मध्ये लिबियात पडलेल्या एफ-15 च्या वैमानिकाला त्यानेच उचलून आणलं. त्या कामगिरीत वेगाचा उपयोग निर्विवाद होता. पण इराकमध्ये शत्रूचा मारा तुरळक होता, आणि ऑस्प्रेला समोर मारा करणारी तोफ नाही. सोबतीची लढाऊ हेलिकॉप्टरं त्याच्या वेगाला पुरत नाहीत. खऱ्या हल्ल्याखाली ते कसं तगेल, हा प्रश्न अमेरिकी सरकारच्या हिशेबतपासनिसांनी 2009 मध्येच विचारला होता.

जून 2022 मध्ये कॅलिफोर्नियात इंजिन आणि रोटर यांना जोडणाऱ्या क्लचच्या जुन्या, माहीत असलेल्या दोषाने पाच जणांचा बळी घेतला. या वेळी चौकशीने वैमानिकांना दोष दिला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये जपानच्या याकुशिमाजवळ गिअरबॉक्समधलं दातेरी चाक तुटलं आणि आठ जण गेले. धोक्याचे इशारे मिळूनही उड्डाण चालू ठेवल्याचं चौकशीत नोंदवलं गेलं. सगळी ऑस्प्रे तीन महिने जमिनीवर राहिली.

एवढा वाद असूनही अमेरिकी लष्कराने याकुशिमाच्या आधीच, डिसेंबर 2022 मध्ये, आपल्या पुढच्या यंत्रासाठी व्ही-280 हे टिल्टरोटरच निवडलं. त्यात ऑस्प्रेसारखी इंजिनं वळत नाहीत, आडवीच राहतात; फक्त रोटर वळतात. दोन टोकांचे दोन रोटर आणि त्यांना शक्ती पोचवणारे गिअरबॉक्स मात्र त्यातही आहेत.