सोयाबीन कधी विकायचं, खत कधी घ्यायचं

मराठवाड्यात सोयाबीनची मळणी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. सगळ्यांचा माल एकदमच लातूरच्या बाजारात येतो आणि आवक वाढली की भाव बसतो. खरिपाचं खत लागतं मे-जूनमध्ये. नेमकं तेव्हाच डीएपी या स्फुरदयुक्त खताची टंचाई असते आणि एका पोत्यासोबत नको असलेलं दुसरं काहीतरी माथी मारलं जातं. याला ‘लिंकिंग’ म्हणतात.

ही कोंडी जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळला, पण तेजीच्या भरवशावर काढलेलं कर्ज अंगावर राहिलं. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांचे कागद जाळले गेले, त्यामागे हेही होतं. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघडा लिलाव आणि हिशेबपट्टीचे नियम आणले. भाव येईपर्यंत थांबायचं बळ मात्र ज्याचं त्यालाच आणावं लागलं.

खताच्या बाजूला १९९२ साली स्फुरद-पालाशयुक्त खतांवरचं किंमत नियंत्रण उठलं. एप्रिल २०१० पासून त्यांच्यावर ठरावीक अनुदान आलं. युरियाची किंमत सरकारनेच ठरवायची, हे तसंच राहिलं. त्यामुळे युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तर डीएपी जागतिक बाजाराबरोबर हलतं. एप्रिल २०२१ मध्ये पोत्याला १,९०० रुपये भाव जाहीर झाला. ओरड झाली, मे महिन्यात पोत्यामागचं अनुदान ५०० वरून १,२०० रुपये झालं आणि पोतं १,२०० वर आलं. पुढे ते १,३५० झालं.

२०२१ च्याच ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या घरात गेलं. तेव्हा एका क्विंटलला आठ पोती डीएपी येत होती. पण बहुतेकांनी आपला माल आदल्या दिवाळीतच चार हजारांच्या आसपास विकला होता. ती हळहळ गावोगाव राहिली आणि ‘थांबायचं’ हे लोकांच्या मनाने घेतलं. २०२२ च्या उन्हाळ्यात थांबणाऱ्यांना सात हजारांवर भाव मिळालाही. पुढच्या हंगामात मात्र साडेपाच हजारांचा माल घरात ठेवला आणि तो मे २०२३ मध्ये पाच हजारांच्या आत विकावा लागला. २०२४ च्या दिवाळीत हमीभाव होता ४,८९२ आणि बाजारात चार-सव्वाचार हजार. म्हणजे क्विंटलला जेमतेम तीन पोती.

घरात माल ठेवणंही सोपं नसतं. खाली फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर सोडून थप्पी लावायची. अधूनमधून पोत्यातला दाणा दाताखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर वाळलेला, दबला तर ओल आहे. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर जास्तीत जास्त १२ टक्के ओलाव्याची अट होती. केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांवर नेली नोव्हेंबर २०२४ मध्ये, तोवर अनेकांनी व्यापाऱ्याचा काटा गाठला होता.

माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्यावर कर्ज घ्यायची पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, मुदत सहा महिने. योजना खरंच चांगली आहे. पण ऑक्टोबरात ठेवलेल्या मालाची मुदत एप्रिलमध्ये भरते, त्याआधी मार्चअखेर सोसायटीच्या पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं फेडून नवं उचलणं) करायचं असतं, आणि डीएपी घ्यायला पैसे लागतात पेरणीच्या तोंडावर. सोयाबीनपुरती तरी ही मुदत जूनअखेरपर्यंत न्यायला हवी.