रिपोर्टमध्ये काही नाही, पोट मात्र दुखतंच आहे

सिरॉसिस, म्हणजे यकृतात व्रण साठून ते कडक होण्याचा आजार, बराच पुढे गेलेला रुग्ण पोट दुखतंय म्हणतो. रक्त तपासतात, सोनोग्राफी होते, कधी सीटी स्कॅनही. दुखण्याचं कारण म्हणून बोट ठेवावं असं काहीच सापडत नाही. मग ‘रिपोर्ट ठीक आहेत’ हे वाक्य ऐकून रुग्णालाच वाटू लागतं, की आपण उगाच कण्हतोय का? तसं नाही. स्कॅनमध्ये अवयवाचा आकार दिसतो, गाठ दिसते, पाणी दिसतं. मज्जातंतूंतून मेंदूकडे चाललेले संदेश त्यात उमटत नाहीत.

यकृताच्या आतल्या भागाला वेदना जवळजवळ कळत नाही. कळते ती त्याच्यावरच्या पातळ आवरणाला. ते ताणलं गेलं की उजव्या बरगड्यांखाली जड, बोथट दुखतं, आणि श्वासपटलाजवळच्या मज्जातंतूमुळे कधी चक्क उजवा खांदा दुखतो. पण सिरॉसिसमध्ये यकृत अनेकदा आक्रसलेलं असतं, त्यामुळे सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब वाढलेला असतो. त्यामुळे प्लीहा सुजते आणि जठराचं अस्तर नाजूक होतं. आतड्यांची हालचाल मंदावते, त्यांत जिवाणू वाढतात, गॅस धरतो. पोटात पाणी साठलं की पोटाची भिंत ताणते, बेंबीपाशी हर्निया होऊ शकतो. पित्ताशयातले खडेही या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतात. यांतली दोनतीन कारणं एकाच वेळी थोडी थोडी असली, तर एकही रिपोर्टमध्ये ठळक दिसत नाही. शिवाय दुखणं महिनोन्‌महिने चाललं की मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते आणि पूर्वी न जाणवणारा ताणही दुखू लागतो. झोप उडाली, मन खचलं, की त्यात भरच पडते.

मात्र ‘कारण सापडत नाही’ असं म्हणण्याआधी एक तपासणी झालीच पाहिजे, आणि याबाबत मी आग्रही आहे. पोटात पाणी असेल तर सुईने त्याचा थोडा नमुना काढून तो तपासायला हवा. हे पाणी आपोआप जंतुसंसर्गित होऊ शकतं. त्यातल्या न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी घन मिलिमीटरला २५० किंवा अधिक असतील, तर प्रतिजैविकं ताबडतोब सुरू करतात. या संसर्गात ताप येईलच असं नाही, आणि पोटही कधी कधी फारसं दुखत नाही. म्हणूनच नेहमीचं दुखणं बदललं, ताप आला, रुग्ण बरळू लागला, लघवी कमी झाली, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर रात्र असली तरी थांबू नये, रुग्णालय गाठावं.

आता वेदनाशामक गोळ्यांविषयी. लिव्हरचा आजार म्हणजे पॅरासिटामॉल विष, असा समज घट्ट बसलाय. म्हणून लोक आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतात, आणि खरा धोका तिथेच आहे. सिरॉसिसमध्ये मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांच्या आधारावर टिकून असतो. या गोळ्या नेमकी तीच रसायनं अडवतात. मूत्रपिंड बिघडू शकतं, पोटातलं पाणी वाढतं, जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल मात्र डॉक्टरांना विचारून, दिवसभरात एकूण २ ग्रॅमच्या आत, बहुतेक सिरॉसिस रुग्णांना चालतं. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही ते असतं, तेही त्या हिशेबात धरायचं. दारू चालू असेल किंवा जेवण फारच कमी असेल, तर मर्यादा आणखी खाली आणावी लागते.

ट्रामाडॉल, मॉर्फीन यांसारखी तीव्र वेदनाशामक औषधं थकलेल्या यकृतातून लवकर बाहेर पडत नाहीत. त्यांनी बद्धकोष्ठही होतो, आणि शौच अडलं की आतड्यातला अमोनिया वाढून मेंदूवर गुंगी येते. ती कधी कधी द्यावीच लागतात, पण अगदी कमी मात्रेत, दोन डोसांमधलं अंतर वाढवून आणि शौच साफ राहील याची सोय करून. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या लॅक्ट्युलोज या औषधानेही पोट फुगून दुखू शकतं. तसं झालं तर ते परस्पर बंद करू नये, डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी.

पोट पाण्याने तट्ट फुगलं असेल तर ते काढल्यावर श्वास आणि दुखणं दोन्ही हलकं होतं. ५ लिटरहून जास्त काढलं तर सोबत शिरेतून अल्ब्युमिन हे प्रथिन देतात. एरवी मीठ आटोक्यात ठेवणं, थोडं थोडं अनेकदा खाणं, रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात जाणं आणि उशांना टेकून पडणं यांनी बऱ्याच जणांना उतार पडतो. दुखण्याच्या भीतीने प्रथिनं तोडू नयेत, त्याने स्नायू झिजतात. कधी दुखलं, त्याआधी काय खाल्लं, शौच झाली होती का, हे रोज दोन ओळींत लिहून ठेवलं, तर डॉक्टरांना कोणत्याही स्कॅनमधून न मिळणारी माहिती हाती लागते.

एवढं करूनही दुखणं उरलंच, तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास आणि वेदना हलक्या करणाऱ्या विभागाच्या डॉक्टरांना भेटायचं आहे असं स्पष्ट सांगावं. हा विभाग फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतो. यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असलेल्या रुग्णालाही तिथले उपचार घेता येतात, आणि त्यासाठी यादीतलं नाव काढावं लागत नाही.