'झेनी' मूळचा बेर्गामोचा

इंग्रजीत एखादा माणूस किंवा सिनेमा चक्रम, पण मजेदार वाटला की त्याला 'झेनी' म्हणतात. आज हे विशेषण आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलं तेव्हा मात्र ते नाम होतं, आणि तेही दुय्यम विदूषकाचं. बाजारात बाकावर चढून औषधं विकणाऱ्या भोंदू वैद्याची किंवा मुख्य विदूषकाची वेडीवाकडी नक्कल करतो तो झेनी, मदाऱ्याच्या जमुऱ्यासारखा. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मधला माल्व्होलिओ विदूषकाला खिदळून दाद देणाऱ्या शहाण्यांनाच 'विदूषकांचे झेनी' म्हणतो. टोमणा झोंबतो तो यामुळेच.

शब्द इटलीचा. 'जिओव्हान्नी' हे तिथलं गल्लोगल्ली सापडणारं नाव. उत्तरेच्या बोलीत त्याचं 'झान्नी' झालं. बेर्गामोच्या डोंगराळ भागातून पोटासाठी व्हेनिसला उतरणारे गडी, हमाल, त्यांची भरड बोली, त्यांची भूक, सगळं शहराला हसण्याजोगं वाटलं. मुंबईत 'घाटी' हा शब्द ज्या सुरात उच्चारला जायचा, तोच हा सूर. 'कॉमेदिया देल्लार्ते' या मुखवट्यांच्या नाटकांत झान्नी हे नोकराच्या पात्राचंच नाव होऊन बसलं. ढगळ पांढरा सदरा, तशीच विजार, लांब नाकाचा अर्धा मुखवटा. पहिला झान्नी चलाख, दुसरा बावळट; प्रसिद्ध विदूषक हार्लेक्विन याच घराण्यातला. नाटकमंडळीचा सर्वांत जुना ज्ञात करार पदुआमधला, १५४५चा. तिचा म्होरक्या माफेओ, आणि त्याला ओळखत 'झानिनी' म्हणून!

झान्नी कायम उपाशी. एका गाजलेल्या प्रवेशात तो माशीमागे धावधाव धावतो, तिला पकडतो, पंख उपटतो आणि मिटक्या मारत खातो.

विदूषकासाठीचा 'क्लाउन' हा इंग्रजी शब्दही असाच खेडवळाच्या थट्टेतला. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ गावंढळ असाच होता.

गंमत पुढेच आहे. जिओव्हान्नी म्हणजे बायबलातला योहान, इंग्रजांचा जॉन. जॉनचा घरगुती जॅक होतो, आणि जत्रेतल्या इंग्रज विदूषकाला म्हणत 'जॅक पुडिंग'. जर्मनांचा 'हान्सवुर्स्ट', म्हणजे सॉसेजवाला हान्स, हान्सही योहानच. फ्रेंचांचा 'झां पोताज', सूपवाला झां. प्रत्येक देश विदूषकाला आपल्या आवडत्या खाण्याचं नाव देतो, हे इंग्रज निबंधकार जोसेफ ॲडिसनने १७११मध्येच 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात लिहून ठेवलंय.

झान्नीच्या वाट्याला माशीच आली.